कामावर जखमी झाल्यावर नुकसानभरपाई: पहिल्या केसपेपरपासून रक्कम हातात पडेपर्यंत

पॉवर प्रेसमध्ये बोट गेलं की सुपरवायझर कामगाराला गाडीत घालून ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेतो. तिथे केसपेपरवर 'राहत्या घरी दारात बोट चेमटले' असं लिहिलं जातं. घरचे म्हणतात, साहेब सगळा खर्च करतायत, कशाला वाकड्यात शिरायचं? टाके सुटतात, पगार थांबतो, कामावरून कमी केलं जातं आणि मग वकील शोधायला सुरुवात होते. तोपर्यंत दावा अर्धा हरलेला असतो. कायदा कामगाराच्या बाजूचा आहे. नडतात ते कागद, आणि त्यातही पहिल्या आठवड्यातले.

आधी कायद्याचं थोडक्यात. आजवर हे दावे १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली चालत आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि तो कायदा तिच्यात सामावला गेला. भरपाईचा सांगाडा तोच राहिला, कलमांचे क्रमांक बदलले आणि असे दावे ऐकून निकाल देणाऱ्या आयुक्ताला संहितेत 'सक्षम प्राधिकारी' असं नाव मिळालं. अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर दावा जुन्या कायद्याचाच. त्यामुळे अर्जात कलम लिहिण्यापूर्वी अपघाताची तारीख बघा. खाली दिलेले आकडे १९२३ च्या कायद्यातले आहेत. सवयीप्रमाणे मी 'आयुक्त' हाच शब्द वापरतो.

## टप्पा १: दवाखाना आणि केसपेपरवरची ती एक ओळ

डॉक्टर 'काय झालं?' विचारतात आणि उत्तर केसपेपरवर उतरवतात. पुढे विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी हीच ओळ वाचतो. तिथे कारखान्याचा उल्लेख नसेल, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न ठरलेला: 'अपघात कामावर झाला असं तुम्ही डॉक्टरांना का सांगितलं नाही?'

१. जखमी माणूस बोलू शकत असेल तर त्याने स्वतः सांगावं: कुठल्या कंपनीत, कुठल्या मशीनवर, किती वाजता. तो बेशुद्ध असेल तर सोबतच्या सहकाऱ्याने सांगावं. हे काम सुपरवायझरवर सोडू नका.

२. शक्य असेल तर सरकारी रुग्णालयात जा. जीव वाचवण्यासाठी जवळच्या खासगी रुग्णालयात जावं लागलं तर तिथे 'एमएलसी करा' असं स्पष्ट सांगा. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस; ती झाली की पोलिसांना कळवलं जातं आणि अपघाताची तटस्थ नोंद राहते. एमएलसी क्रमांक वहीत उतरवून ठेवा.

३. पोलीस जबाब घ्यायला आले की मशीनचं नाव, पाळी आणि ठेकेदाराचं नाव सांगा. 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' हे वाक्य जबाबाच्या शेवटी सवयीने येतं. कोणावर गुन्हा नोंदवायचा नसेल तरी 'नुकसानभरपाईचा माझा हक्क मी राखून ठेवतो' एवढं जोडायला लावा.

४. मशीन आणि जागा यांचे फोटो सहकाऱ्याने त्याच दिवशी काढून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी प्रेसला नवीन गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावायचं संरक्षक आवरण) बसलेला असतो.

सावधान: दवाखान्यात कोऱ्या कागदावर, कोऱ्या वाउचरवर किंवा वाचता न येणाऱ्या इंग्रजी मजकुरावर सही वा अंगठा देऊ नका. 'विम्याचा फॉर्म आहे, सही करा' असं म्हणून राजीनामा लिहून घेतल्याची तक्रार घेऊन बरेच लोक येतात. फॉर्म खरोखर विम्याचा असेल तर सहीआधी फोटो काढू द्यायला कोणाची हरकत नसावी.

तपासा: डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर, दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी, त्यावर अपघाताचं कारण काय लिहिलंय ते वाचून घ्या. चुकीचं असेल तर तिथेच लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. दुरुस्ती झाली नाही तरी तुम्ही लगेच हरकत घेतली होती हे त्या शिक्क्यातून दिसतं.

## टप्पा २: वाट कुठली, ईएसआय की आयुक्त?

हा प्रश्न आधी न सोडवल्यामुळे लोकांची वर्षं वाया जातात. नोकरीतल्या ज्या दुखापतीवर ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) लाभ लागू होतो, तिच्यासाठी मालकाकडून कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही. ईएसआय कायद्याच्या (आता तोही संहितेत सामावला गेला आहे) कलम ५३ ने ती वाट बंद केली. कामगार न्यायालयात दावा टाकायचा, उत्तरात मालकाने ईएसआयचा क्रमांक पुढे करायचा आणि दावा फेटाळला जायचा, हे नेहमीचं झालं आहे.

तुमचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे का (दिव्यांग कामगारांसाठी २५,०००)? पगारपत्रकात ०.७५ टक्के ईएसआय कापलेला दिसतो का? दोन्हींचं उत्तर होय असेल तर तुमची वाट ईएसआयची. वर्गणीच्या कालावधीच्या मध्येच पगार २१,००० च्या वर गेला तरी तो कालावधी संपेपर्यंत संरक्षण राहतं. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत.

ईएसआयच्या वाटेने जाताना करायचं ते असं. ई-पेहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र) घेऊन ईएसआय दवाखान्यात किंवा ईएसआय रुग्णालयात जा. मालकाने अपघाताचा अहवाल ऑनलाइन भरायचा असतो. त्याने भरला नाही, तर शाखा कार्यालयाच्या व्यवस्थापकाला स्वतः पत्र द्या आणि पोच घ्या. काम करता येत नाही तेवढ्या काळासाठी तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के दराने मिळतो, मात्र डॉक्टरांचे दाखले खंड न पडता शाखेत जमा करावे लागतात. अपंगत्व कायमचं राहिलं तर वैद्यकीय मंडळाकडे पाठवण्यासाठी अर्ज करा. मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर मिळते. टक्केवारी कमी वाटली तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

नोकरीतल्या दुखापतीच्या लाभासाठी किती वर्गणी भरली याची अट नाही. कामाला लागून दोनच दिवस झाले असले तरी लाभ मिळतो. 'तुझं कार्ड अजून आलं नाही, तुला काही मिळणार नाही' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

काही ठेकेदार अपघात झाल्यावर त्याच संध्याकाळी घाईघाईने ईएसआय नोंदणी करतात आणि रुजू झाल्याची तारीख अपघाताच्या आदल्या दिवसाची टाकतात. तुम्ही तिथे आठ महिने काम करत असाल तर बँकेत आलेला पगार आणि गेटपास शाखा कार्यालयाला दाखवा. लाभाची रक्कम सरासरी वेतनावर ठरते, त्यामुळे तारीख आणि पगार खरे नोंदले जाणं महत्त्वाचं.

ईएसआय लागू नसेल तर आयुक्ताकडे दावा करायचा. पगार मर्यादेपेक्षा जास्त असलेले कामगार, छोटी वर्कशॉपं, बांधकाम साइट, ट्रकचालक आणि क्लीनर हे सगळे त्यात येतात. ट्रॅक्टर किंवा विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी होणारं शेतीकामही येतं, हे गावाकडे फार कमी लोकांना माहीत असतं. मळणीयंत्रात हात गेलेल्या मजुराला 'बघू, मदत करू' असं सांगून गप्प केलं जातं. खरं तर ती मदत नसून त्याचा कायदेशीर हक्क असतो.

चालकांसाठी एक वेगळी सूचना. रस्ता अपघातात मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा आयुक्त यांपैकी एकच वाट निवडता येते, दोन्हीकडे दावा चालत नाही. समोरच्या गाडीची चूक सिद्ध होण्यासारखी असेल तर बहुतेक वेळा न्यायाधिकरणात रक्कम जास्त निघते. चूक चालकाची स्वतःची असेल तर आयुक्ताकडे जा, कारण तिथे चूक कोणाची हे पाहिलं जात नाही.

पुढचे टप्पे आयुक्ताच्या वाटेचे आहेत.

## टप्पा ३: कागद गोळा करणं, तेही कामावर असतानाच

मालक कोर्टात पहिल्यांदा म्हणतो, 'हा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता.' ठेकेदारी कामात हे हमखास घडतं. त्यामुळे सगळ्यात आधी नोकरी सिद्ध करायची, नंतर पगार, मग वय.

नोकरीसाठी: ओळखपत्र, गेटपास, हजेरी कार्डाचा फोटो, पगार जमा झाल्याचं बँक पासबुक, पीएफचा यूएएन (खाते क्रमांक) आणि त्यावर दिसणारं कंपनीचं नाव. यातलं काहीच नसेल तर सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज बघा. 'उद्या दुसऱ्या पाळीला ये' एवढी ओळसुद्धा उपयोगी पडते. त्या चॅटचा स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ फोनही जपून ठेवा. फोन विकला की पुरावा गेला.

पगारासाठी: पगारपत्रक नसेल आणि पगार रोखीत मिळत असेल तर सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं लिहून ठेवा. मस्टरवर (हजेरी-पगाराच्या नोंदवहीत) ९,००० आणि हातात १८,००० असा प्रकार असतो. त्याचा फटका केवढा बसतो ते टप्पा ६ मध्ये आहे.

वयासाठी: शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यात भक्कम. आधार कार्डावर फक्त जन्मवर्ष असेल तर वाद होतो.

औषधोपचारासाठी: प्रत्येक बिल, मेडिकलची पावती, एक्स-रे. स्वतः केलेला उपचाराचा खर्च वेगळा मागता येतो, भरपाईच्या रकमेतून तो वजा होत नाही. मालकाने भरलेलं हॉस्पिटलचं बिलसुद्धा 'भरपाई दिली' असं धरता येत नाही. 'दोन लाख खर्च केला की तुझ्यावर' हे ऐकून माणूस ओशाळतो आणि दावाच टाकत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या जिल्हा कार्यालयात अपघाताची माहिती लेखी द्या. अधिकाऱ्याच्या पाहणीचा अहवाल पुढे माहिती अधिकारात मागता येतो आणि मशीनला गार्ड होता की नाही हे त्यातून कळतं.

## टप्पा ४: मालकाला नोटीस

वकील असला पाहिजे असं नाही. साध्या मराठीत, एका पानात लिहा. कायद्याला तीन गोष्टी हव्यात: जखमी व्यक्तीचं नाव-पत्ता, दुखापतीचं कारण आणि अपघाताची तारीख. मजकूर असा चालेल:

'मी आपल्या येथे प्रेस ऑपरेटर म्हणून काम करतो. दिनांक … रोजी दुसऱ्या पाळीत अंदाजे … वाजता पॉवर प्रेसवर काम करत असताना माझ्या उजव्या हाताचा अंगठा डायमध्ये सापडून तुटला. मला … रुग्णालयात दाखल केले. माझा मासिक पगार … रुपये आहे. हा अपघात कामाच्या वेळेत व कामामुळे झाला आहे. कायद्यानुसार देय नुकसानभरपाई व उपचाराचा खर्च मला द्यावा.'

ठेकेदाराला एक प्रत, ज्याच्या जागेत काम चालू होतं त्या मूळ कंपनीला दुसरी. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा आणि पावती नोटिशीच्या प्रतीला टाचून ठेवा.

नोटीस मिळाल्यावर मालक तीन दिवसांच्या आत स्वतःच्या खर्चाने डॉक्टरांकडून तपासणी करून देऊ शकतो. अशा तपासणीला नकार देऊ नका, नाहीतर तपासणी होईपर्यंत तुमचा हक्क स्थगित होतो. तपासणीला जाताना घरच्या एकाला सोबत न्या.

सावधान: 'नोटीस दिली नाही म्हणून दावा गेला' असं समजू नका. मालकाला अपघाताची माहिती होती हे दाखवता आलं तर नोटिशीतली उणीव आड येत नाही. मुदत मात्र पाळायची: अपघात किंवा मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत दावा. सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतो, पण 'मालक देतो देतो म्हणत होता' हे कारण दर वेळी पुरतं असं नाही.

## टप्पा ५: अपंगत्वाचा दाखला

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. जिल्हा रुग्णालयातून मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र सवलतींसाठी असतं. त्यावरची टक्केवारी म्हणजे शरीराचं अपंगत्व. भरपाई मिळते ती कमाईची क्षमता किती गेली यावर. या दोन टक्केवाऱ्या वेगळ्या आहेत, आणि दिव्यांग प्रमाणपत्र जोडून मोकळे झालेले लोक वर्षभराने त्याच जागी उभे असतात.

आधी कायद्याची पहिली अनुसूची उघडा. तुटलेल्या अवयवांची टक्केवारी तिथेच दिलेली आहे: अंगठा ३०, संपूर्ण तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एका हाताची चारही बोटं ५०, एक डोळा (दुसरा चांगला असताना) ४०. एकापेक्षा जास्त दुखापती असतील तर टक्के मिळवले जातात, फक्त बेरीज १०० च्या वर जात नाही. अवयव तुटला नाही पण कायमचा निकामी झाला, तरी तो गेला असंच धरतात. ताठ झालेलं बोट हातावर आहे म्हणून दावा सोडू नका.

अनुसूचीत नसलेल्या दुखापतींसाठी, म्हणजे मणका, कंबर, भाजणं किंवा आत रॉड टाकलेलं हाड, पात्र डॉक्टरांकडून कमाईच्या क्षमतेतल्या घटीचा दाखला लागतो. डॉक्टरांना तुमचं काम सविस्तर सांगा. 'हेल्पर आहे' एवढ्यावर थांबू नका. पन्नास किलोची गोणी उचलून ट्रकवर चढायचं, दिवसभर उभं राहायचं, असं सांगा. दाखल्यात ते काम आता करता येतं का, याचं उत्तर यायला हवं.

अनुसूचीतला आकडा म्हणजे शेवटचा शब्द नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली एका सुताराच्या दाव्यात हा मुद्दा निकाली काढला. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता १०० टक्के गेली असं न्यायालयाने मानलं. तुमचा धंदा त्या अवयवावरच चालत असेल, तर दाव्यात तसं लिहा आणि साक्षीतही सांगा.

तपासा: दाखला देणारे डॉक्टर साक्षीला येतील का, हे आधीच विचारून घ्या. दाखल्याला आव्हान दिलं गेलं आणि डॉक्टर आलेच नाहीत, तर त्या कागदाचं वजन उरत नाही. सरकारी डॉक्टरांना समन्स काढता येतो. खासगी डॉक्टर टाळाटाळ करतात, हे गृहीत धरून चाला.

## टप्पा ६: रकमेचा हिशेब स्वतः करा

कोणी 'एवढ्यात मिटवू' म्हणण्याआधी तुमच्याकडे आकडा असायला हवा.

सूत्र असं: मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक, किमान १,२०,००० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के गुणिले गुणांक, किमान १,४०,०००. अंशतः कायमचं अपंगत्व असेल तर पूर्ण अपंगत्वाच्या रकमेचे तेवढे टक्के. गुणांक चौथ्या अनुसूचीत आहेत. २५ व्या वर्षी २१६.९१, ३० व्या वर्षी २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४५ ला १६९.४४, ५५ ला १३५.५६. शेवटच्या वाढदिवशी पूर्ण झालेलं वय धरायचं. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशेबासाठी वेतन महिना १५,००० रुपयांपर्यंतच धरतात.

उदाहरण घ्या. वय ३०, पगार १८,०००, उजवा अंगठा गेला. वेतन धरायचं १५,०००. त्याचे ६० टक्के ९,०००. गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२०. अंगठ्याचे ३० टक्के: ५,६१,५४६ रुपये.

आता याच माणसाचं वेतन मस्टरवरच्या ९,००० प्रमाणे धरलं तर आकडा येतो ३,३६,९२८. पगाराचा एक पुरावा नसला की सव्वादोन लाख जातात.

याच माणसाचा मृत्यू झाला असता तर रक्कम ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० झाली असती.

तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते. १५,००० वेतनावर पंधरवड्याला ३,७५०, जास्तीत जास्त पाच वर्षं. काम न करता येण्याचा काळ तीन दिवसांपुरताच असेल तर काही मिळत नाही. २८ दिवस किंवा जास्त असेल तर पहिल्या दिवसापासून हिशेब होतो.

यावर व्याज. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते आणि महिनाभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज चढतं. वरच्या अंगठ्याच्या रकमेवर वर्षाचं व्याज ६७,००० च्या वर जातं. विनाकारण टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. व्याज विमा कंपनीकडून वसूल होतं, दंड मालकाच्याच खिशातून. दाव्यात दोन्ही मागायला विसरू नका.

## टप्पा ७: दावा कुठे आणि कोणाविरुद्ध

महाराष्ट्रात आयुक्ताचं काम मोठ्या शहरांत कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात, काही ठिकाणी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश. नेहमीच्या दिवाणी दाव्यासारखा हा टाकता येत नाही.

दावा अपघाताच्या ठिकाणीच टाकावा लागतो हा गैरसमज आहे. तुम्ही किंवा अवलंबित जिथे राहता तिथल्या आयुक्ताकडेही तो टाकता येतो. चाकणला जखमी होऊन गावी परतलेल्या बीड किंवा नांदेडच्या माणसाने प्रत्येक तारखेला पुण्याचं भाडं भरायचं कारण नाही. यापेक्षा मोठी सोय या कायद्यात क्वचितच असेल, आणि ती सगळ्यात कमी वापरली जाते.

प्रतिवादी तिघेही करा: ठेकेदार, मूळ कंपनी आणि त्यांची विमा कंपनी. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, पुढे तो ठेकेदाराकडून वसूल करून घेईल. फक्त ठेकेदाराविरुद्ध दावा जिंकून काय करणार? निकालाच्या दिवशी त्याचा मोबाइल बंद असतो.

मालकाचे नेहमीचे बचाव आधीच ओळखून ठेवा:

- 'त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालं.' नुसता हलगर्जीपणा हा बचाव नाही.
- 'त्याने सेन्सर मुद्दाम बंद केला होता.' मुद्दाम केलं हे मालकाला सिद्ध करावं लागतं, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हा बचाव चालत नाही. उत्पादन वाढवायला सेन्सर बंद ठेवा असं सुपरवायझरच सांगत असेल तर सहकाऱ्याच्या साक्षीत ते आणा.
- 'दारू प्यायला होता.' केसपेपरवर तशी नोंद आहे का बघा. हाही बचाव वरच्या दोन प्रसंगांत निरुपयोगी.
- 'कामावर येताना झालं, कामावर नाही.' घर ते कामाची जागा या प्रवासाचा वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवता आला तर नव्या संहितेत तो अपघात कामाचाच धरला जातो. जुन्या कायद्याखालीही सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. तो पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला होता.

मृत्यूच्या दाव्यात दोन गोष्टी वेगळ्या. शवविच्छेदन टाळू नका, विशेषतः कामावर हृदयविकाराचा झटका आला असेल तर. ड्यूटीवर मृत्यू झाला एवढं पुरत नाही, कामाच्या ताणाशी संबंध दाखवावा लागतो. दुसरं म्हणजे मालकाने मृत्यूची भरपाई आयुक्ताकडेच जमा करायची असते. घरी येऊन हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम तेवढी वळती होऊ शकते. दिराने किंवा सासऱ्याने परस्पर सही करून पैसे घेतले म्हणून विधवेचा हक्क संपत नाही.

मृत कामगार बांधकामावरचा असेल आणि इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी चालू असेल, तर मंडळाच्या साहाय्यासाठी वेगळा अर्ज करा. नोंदणीचं नूतनीकरण झालं होतं का, ते आधी पाहा.

वकिलाबद्दल: निकालाच्या रकमेवर टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलांच्या नियमांत बसत नाही. हॉस्पिटलच्या दारात कार्ड वाटणाऱ्या एजंटांना लांब ठेवा. औद्योगिक कामगार, महिला, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

## टप्पा ८: तडजोड करायची असेल तर

तडजोड वाईट नाही. कधी कधी तीच शहाणपणाची असते. पण ती आयुक्तासमोर नोंदवलेली हवी. 'यापुढे माझी काही मागणी नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून हक्क सोडता येत नाही, असा करार कायद्याने रद्दबातल आहे. रक्कम फारच कमी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतो. असा स्टॅम्प आधीच लिहून दिला असेल तरी दावा करा. मिळालेली रक्कम आणि तारीख मात्र अर्जात खरी सांगा, कारण लपवलेला व्यवहार समोर आला की बाकीच्या साक्षीवरचाही विश्वास उडतो.

## टप्पा ९: निकालानंतर

दावा तीन महिन्यांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून तुमच्या बाजूने तारीख मागू नका. साक्षीदारांना आदल्या दिवशी फोन करा, पत्ता बदलला तर कोर्टात कळवा.

निकालाची प्रमाणित प्रत लगेच मागा. अपील ६० दिवसांत उच्च न्यायालयात आणि तेही कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच होतं. मालकाला अपील करायचं असेल तर आधी रक्कम आयुक्ताकडे जमा करावी लागते, तशी भरली का ते पाहा. अपील नाही आणि पैसेही भरले नाहीत, तर वसुलीचा अर्ज द्या. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलदाराकडे जातं. अर्जात कंपनीचा नोंदणीकृत पत्ता, प्लॉट क्रमांक आणि बँक खातं माहीत असेल तर तेही लिहा. नुसतं नाव लिहिलेले अर्ज तहसील कार्यालयात पडून राहतात.

भरपाईची रक्कम सावकार किंवा बँकेला जप्त करून घेता येत नाही, ती कोणाच्या नावे लिहूनही देता येत नाही. पैसे जमा झाल्यावर काढण्यासाठी वेगळा अर्ज लागतो: आधार, पॅन, पासबुकाची पहिल्या पानाची प्रत आणि ओळख पटवणारी सही. अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलांचा वाटा बहुधा मुदत ठेवीत ठेवला जातो. त्या पावतीवर मुलाचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, ते कोर्टाच्या कचेरीतच पाहून घ्या. नावातली एक वेलांटी चुकली तरी अठराव्या वर्षी बँक पैसे अडवते.